गोड बंद

"हॅलो?… हॅलो, कोण?… अवो, जरा जोरात बोला… कोण? मंगलाबाई?… हां हां, मावशी! बोला जी, बोला."

हर्षाचे हात कोपरापर्यंत साबणाचे होते. कपडे बादलीत तसेच टाकून ती धावत आली होती आणि नाव न बघताच तिनं फोन कानाला लावला होता. रविवारी दुपारी वाजला म्हणजे तो एकोडीहून भावाचा, जीवनचाच असणार, असं तिच्या मनानं घेतलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याच्या गुड्डीचा वाढदिवस. ये म्हणेल, निदान येतेस का म्हणून विचारेल. पण निघाली पेशंट.

"हो, आज दवाखाना बंद… मी खोलीवरच आहे… नाही जी, कसलं काम, कपडे धुऊन राहिली होती… मंगळवारी? हो, मंगळवारी तुमची वेळ आहे, अकराची. काल दाढ काढली ना, ते पाहाचं आहे, आणि खालची बाजू साफ कराची राह्यली आहे… नाही येत?… काहून नाही येत जी?"

पवनीच्या बसस्टँडमागे तो दातांचा दवाखाना होता. डॉक्टर मॅडम दात काढत, बसवत. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं हर्षाकडे. दातांवर वर्षानुवर्षं चढलेलं कीटण खरवडायचं, हिरड्या तपासायच्या, ब्रश कसा धरायचा हे साठीच्या माणसाला हात धरून शिकवायचं. नागपूरला दोन वर्षं शिकून ती डेंटल हायजिनिस्ट झाली होती, पण तो शब्द इथं कोणाच्या तोंडी बसला नाही. कोणी नर्स म्हणे, कोणी कंपाउंडरीण. खेड्यावरच्या बाया नुसतं दातवाली मॅडम म्हणत. दिवसभर ती एकटीच बोलायची, कारण समोरच्याच्या तोंडात तिचेच हात असायचे. आणि संध्याकाळी खोलीवर आली की बोलायला समोर कोणी नसायचं. सासर गोंदियाचं होतं, ते चार वर्षांतच सुटलं. आई मागच्या पावसाळ्यात गेली. तेव्हापासून तिचे रविवार फार लांब झाले होते.

"मावशी, आज बरं नाही वाटत तरी मंगळवारपर्यंत बरं वाटन, या… मंगळवार म्हटलं मी… हो, अकरा वाजता… अवो, आत्ताच तर सांगतलं… मंगळवारी, अकराले."

हे तिनं तिसऱ्यांदा सांगितलं, आणि हात पुसता पुसता ती थांबली.

मंगलाबाईंचं तोंड तिला पाठ होतं. वरचे पुढचे तीन दात नव्हते, त्यामुळे त्यांचा 'स' शिट्टीसारखा निघे. पण आज बाकीची अक्षरंही घसरत होती. दातांमुळे घसरतात तशी नव्हती ती. जीभच जाग्यावर नव्हती.

"मावशी, तुमचं बोलणं असं काहून येऊन राहिलं?… जड वाटते जीभ?… बसून आहा का उभ्या?… बसा. आधी खाली बसा, भिंतीले टेकून… बसल्या?… घाम?… किती घाम?… लुगडं ओलं झालं?… सावलीत बसून घाम?… हात समोर धरून पाहा बरं. कापून राहिले का?… कधीपासून?"

उत्तर यायला वेळ लागला. त्या वेळात मागे कुठंतरी बकरी ओरडली.

"आज जेवल्या का तुम्ही?… नाही?… अवो, अडीच वाजून राहिले! चहा तरी?… चहा बंद केला?… कोणी सांगतलं चहा बंद कराले?… मी?"

हर्षा खाटेच्या कडेवर बसली.

दोन महिन्यांपूर्वी मंगलाबाई पहिल्यांदा दवाखान्यात आल्या होत्या, त्या एक हलणारा दात काढून टाका म्हणून. डॉक्टर मॅडमकडे गर्दी होती, म्हणून आधी हर्षानं त्यांना खुर्चीवर घेतलं. आरसा लावला आणि बघत राहिली. हिरड्या सुजून जांभळ्या पडलेल्या, नुसतं टोक लागलं तरी रक्त. तीन ठिकाणी पू. तोंड कोरडं ठक्क. वर्षात चार दात आपोआप हलायला लागले होते. तिनं हात काढून घेतला आणि विचारलं होतं, तहान फार लागते का, लघवीला किती वेळा उठता, जखम लवकर भरते का. तेव्हा मंगलाबाईंनी संकोचानं पाय पुढे केला होता. अंगठ्याला फडकं बांधलेलं, सव्वा महिन्याची जखम. काट्याची. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनातल्या त्यांच्या गावात कोणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कोणाला दाखवली नव्हती. हर्षानं त्यांना तसंच शेजारच्या लॅबमध्ये नेलं. शुगर तीनशे चाळीस निघाली, मग डॉक्टरकडे नेऊन गोळी सुरू झाली.

पाय वाचला. दाताचं काम करता करता मॅडमच्या मदतनिसीनं पाय वाचवला, हे मंगलाबाई सगळ्यांना सांगत. आणि तेव्हापासून हर्षा जे सांगेल ते त्यांना काळ्या दगडावरची रेघ.

"मी साखर बंद म्हटलं होतं जी, चहा नाही… बिनसाखरेचा उतरत नाही घशाखाली, हो, समजलं… मग सकाळपासून पोटात काय गेलं?… काही नाही. काल रात्री?… पेज. किती?… अर्धी वाटी… दाढेची जागा दुखते म्हणून. हो… आणि गोळी? शुगरची गोळी घेतली आज?… सहा वाजता. बराबर सहाले. शाब्बास… आणि मग?… कुठं गेल्या?… मोह वेचाले?"

तिच्या तोंडून पुढचे शब्द जरा मोठ्यानंच निघाले.

"उपाशीपोटी गोळी घेऊन तुम्ही मोह वेचाले गेल्या? रानात? एकट्या?… नाही नाही, मी रागावून नाही राहिली… ऐका ना मावशी… नाही रागावली मी, खरंच… ऐका. तुमची शुगर खाली गेली आहे. जास्त नाही, कमी झाली. गोळीनं कमी केली आणि पोटात काही नाही. समजलं का?… हो, कमी होणं चांगलं असते, पण एवढी नाही. आत्ता तुमाले गोड खाच लागते. आत्ताच्या आत्ता."

पलीकडून जे आलं ते ऐकून हर्षानं कपाळाला हात लावला.

"हो. मीच सांगतलं होतं गोड बंद. हो, मीच… आता मीच सांगून राहिली, खा. घरात साखर आहे ना?… नाही?… सगळी वाटून टाकली?… गूळ?… डब्बा धुऊन पालथा ठेवला… अवो माय!"

गोड खाऊ नका हे तिनं त्यांना प्रत्येक वेळी सांगितलं होतं. उपाशी राहू नका, हे एकदाच. तेही त्यांच्या तोंडात नळी असताना, स्वतःच्या हाताकडे बघत. मंगलाबाईंनी तेव्हा डोळे मिचकावून हो म्हटलं होतं. काय कळलं, काय नाही, ते विचारायला त्यांचं तोंड मोकळं नव्हतं. आणि हर्षानंही मागाहून विचारलं नाही. पुढचा पेशंट बसला होता.

"मावशी… मावशी, झोपू नका! हॅलो! बोलत राहा माह्यासंग… डोळे उघडे ठेवा. अंगणात काय दिसते तुमाले?… मोह. वाळत टाकला आहे? आजचाच?… ओला आहे ना अजून?"

हर्षा खाटेवरून उठली. मोहाची ताजी फुलं म्हणजे रसानं टचटचलेली. लहानपणी एकोडीच्या बांधावर ती आणि जीवन ती नुसती चोखत बसायचे, ओठ चिकट होईस्तोवर. साखरेइतकी लवकर ती चढतील का, तिला ठाऊक नव्हतं. पण हाताशी होतं ते तेवढंच.

"हात पुरते का तिथवर?… उठू नका, उठू नका! बसल्या बसल्या सरका… हो, तशाच. घ्या. मूठभर घ्या… तोंडात टाका. चावू नका, दाढेची जागा दुखन. जिभेनं टाळूवर दाबा आणि रस गिळा… हो गोड आहे! गोडच पाह्यजे!… मावशी, माह्यावर विश्वास आहे ना? पायाचं सांगतलं तवा ऐकलं होतं ना माहं? मग आत्ता ऐका… दाबा… गिळलं?… अजून दोन."

ती बोलत बोलत दाराबाहेर आली. घरमालकांचं दार समोरच, पण त्याला कुलूप. सगळे अड्याळला लग्नाला गेलेले. गल्लीत ऊन नुसतं पांढरं झालं होतं, चिटपाखरू नाही. फोन ठेवून अँब्युलन्सला लावावा, तर तेवढ्यात तिकडं मंगलाबाई पडल्या तर? दुसरा फोन तिच्याजवळ नव्हता. चप्पल घालून निघावं, तर मधे पंधरा किलोमीटर. तिच्या हातात फक्त तो आवाज होता, आणि तोही बारीक होत चालला होता.

"मावशी, तुमच्या घरी कोण आहे आत्ता?… माहीत आहे मले, तुमचा पोरगा सुगत पुण्याले आहे. आजूबाजूले कोण आहे?… सुगतले लावला होता?… किती वेळा?… तीनदा… कंपनीत फोन आत नेऊ देत नाही, हो. तो पाहीन मग. आणि मग मले लावला."

ती थांबली.

"मी उचलतो म्हणून… हं. बरं केलं. बरं केलं मावशी."

कोणी दिसतं का म्हणून ती गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"शेजारी कोण आहे? कुडाच्या पलीकडे?… धुरपताबाई. घरी आहे का ती?… आवाज येऊन राहिला तिचा? मग हाक मारा… काहून नाही?… बोलत नाही तुम्ही. दोन वर्षांपासून."

ही हकीकत हर्षाला खुर्चीवरच कळली होती, तोंड धुवायच्या मधल्या वेळात, तुकड्या तुकड्यानं. धरणात जुनं गाव गेलं. नव्या गावात चिठ्ठ्या टाकून जागा मिळाल्या, तेव्हा जुने शेजारी कुठल्या कुठे पांगले आणि जिच्याशी कधी ओळख नव्हती ती धुरपता कुडाला कूड लावून आली. मंगलाबाईंच्या अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं झाड होतं, शेंगांनी लदलेलं. नवरा चिंधू यांनी, वारले त्याच वर्षी लावलेलं. त्याची एक फांदी पलीकडे गेली आणि धुरपताबाईंनी ती न विचारता छाटली. बस्स. तेवढ्यावरून दोन वर्षं.

"मावशी, फांदी गेली तर गेली. तुम्ही गेल्या तर?… नाही मरत? मग कायले थरथरून राहिल्या?… बरं, ऐका. तिच्याशी बोलू नका तुम्ही. एक शब्द नका बोलू. जवळ थाळी आहे का?… कोपर?… ती पितळेची परात? मग झालं. आणि काही तरी घ्या हातात, चमचा, सराटा, काहीबी… आता वाजवा. जोरात… वाजवणं म्हणजे बोलणं नाही होत मावशी! तुम्ही तुमच्या घरी तुमचा कोपर वाजवून राहिल्या. कोणाले काय?… वाजवा!"

मग कानात टण्ण झालं. एकदा. बराच वेळ गेला, पुन्हा एकदा. हात किती दमला होता ते त्या आवाजावरून कळत होतं.

"अजून… अजून जोरात… हो, असंच… थांबू नका. मी मोजतो. चार… पाच… वाजवा मावशी… सहा…"

सातवा आला नाही.

"मावशी?… मंगलाबाई?… मावशी! आवाज द्या!… हूं तरी म्हणा!… अवो धुरपताबाई! कोणी आहे का तिथं? कोणी आहे का?"

पवनीच्या त्या रिकाम्या गल्लीत उभी राहून ती पंधरा किलोमीटरवरच्या बाईला गळा फाटेस्तोवर हाका मारत होती. फोनमधून बकरीचं ओरडणं येत होतं फक्त. आयुष्यात पहिल्यांदा ती एका पेशंटच्या तोंडाजवळ इतकी होती आणि तिचा हात तिथं पोचत नव्हता.

मग फाटक वाजल्यासारखं झालं. चपलांचा आवाज. आणि एक कर्कश आवाज, अगदी कानाशी.

"हॅलो! कोण, धुरपताकाकू?… काकू, मी पवनीहून बोलून राहिली, दातायच्या दवाखान्यातून… हो, दातवाली, तेच… तुम्ही काहून आल्या ते मग सांगा. मावशीचे डोळे उघडे आहेत का?… अर्धे. गालावर थापटा, नाव घेऊन हाक मारा… घ्या ना नाव! मंगला म्हणा… काय म्हणते?… हूं म्हणते? चांगलं. मोह आहे का तोंडात?… बोटानं काढून टाका, घशात जाईन. आता तुमच्या घरून साखर आणा. चार चमचे, अर्ध्या गिलास पाण्यात. धावत जा… फोन ठेवू नका, तिथंच जमिनीवर ठेवा!"

फोन जमिनीवर ठेवल्याचं कळलं. मंगलाबाईंचा श्वास ऐकू येत होता, फुंकल्यासारखा, त्या तीन दातांच्या जागेतून. हर्षा कुंपणाला धरून तो ऐकत राहिली. एक आत, एक बाहेर. एक आत.

"आणली?… तिले बसवा आधी. पाठीमागून धरा, आपल्या छातीले टेकवा तिले… एक घोट द्या. फक्त एक… गिळलं का पाहा. गळा हलला?… हलला! मग दुसरा. घाई नको… ठसका लागला तर थांबा… गिळेनाशी झाली तर बिलकुल देऊ नका… देऊन राहिल्या?… किती झालं?… निम्मं. शाब्बास काकू… सांडलं तर सांडू द्या."

गिलास संपला. हर्षानं पंधरा मिनिटं थांबायला सांगितलं. धुरपताबाईंच्या मुलाचा, राजकुमारचा ऑटो होता, त्याला त्यांनी अंगणातूनच हाक मारून बोलावून घेतलं. मग त्या दोघी, एक इकडं आणि एक तिकडं, वाट बघत बसल्या. एवढा वेळ गप्प बसणं धुरपताबाईंना जमण्यासारखं नव्हतं.

"हो काकू, मी दातच साफ करतो… मग शुगरचं मले काय घेणं?… तसं नाही जी. तोंड काही वेगळ्या गावात नाही राह्यत. जे रक्त पायाले जाते तेच हिरड्यायले येते. शुगर वाढली की हिरड्या सडतात, आणि हिरड्यायत पू राह्यला की शुगर उतरत नाही. एक बिघडलं की दुसऱ्याले ओढते… हो, आम्ही तोंड उघडून पाह्यतो तर बाकीचं बी दिसते… तुमच्या बी हिरड्यायतून येते रक्त?… गुडाखू घासता का तुम्ही? तो तंबाखूचा?… दिवसातून किती वेळा?… काकू!… या ना एकदा दाखवाले. नाही, दात नाही काढणार, नुसतं पाह्यन… काय झालं? काय म्हणते मावशी?"

तिनं फोन कानाला इतका दाबला की कानशील दुखलं.

"काय म्हणाली?… कोपर चेपला म्हणते?"

हर्षाला हसू फुटलं आणि त्याच्याच मागोमाग डोळ्यांतून पाणी. मंगलाबाई जाग्या होत्या. पितळेच्या कोपराला पोचा आल्याचं त्यांना दिसत होतं आणि त्याबद्दल तक्रार करण्याइतकी जीभ जाग्यावर आली होती.

"द्या, द्या तिच्याजवळ… मावशी? कसं वाटते?… घाम सुकला? मी कोण आहे सांगा बरं… हो, हर्षा. आज वार कोणता?… रविवार. बराबर… आता पेज खाजा थोडी, काकूच्या घरची, मऊ. आणि मग ऑटोत बसून दवाखान्यात जाचं… नाही, बरं वाटलं म्हणून राहू नका घरी. त्या गोळीचा जोर संध्याकाळवर राह्यते, शुगर अजून एकदा खाली जाऊ शकते. डॉक्टरले पाहू द्या… एकटी नाही, काकू येते… तिनं म्हटलं येतो म्हणून, मी ऐकलं ना… ती का तुमच्यावर उपकार करून राहिली जी? जाऊ द्या ते. उठा."

फोन त्यांनी ठेवला नाही. ठेवायचा कसा हे गडबडीत कोणाच्या लक्षात आलं नाही, की हर्षानं सांगितलं म्हणून चालू ठेवला, कोण जाणे. ऑटो सुरू झाल्याचं तिला ऐकू आलं. मग खडखडाट, हॉर्न, आणि त्या खडखडाटात दोन बायकांचे आवाज.

आधी तुटक. मग जरा लांब. मग सलग. शब्द नीट येत नव्हते. जुन्या गावाचं नाव आलं, धरणाखाली गेलेल्या. धुरपताबाईंचं माहेर त्याच बाजूचं असावं, कारण मंगलाबाईंनी काहीतरी विचारलं आणि पलीकडून मोठ्यानं हो हो झालं. कुठली तरी विहीर, कुठली तरी धाकटी जाऊ. दोन वर्षांचं साचलेलं बोलणं होतं ते.

"मावशी?… पोचल्या का?… हॅलो?"

कोणी ऐकलं नाही. फोन लुगड्याच्या घडीत असावा. हर्षा पायरीवर येऊन बसली. खोलीत बादलीतल्या कपड्यांवरच साबण वाळला असेल, ते सगळं पुन्हा घासावं लागेल. ती उठली नाही. तो खडखडाट आणि ते आवाज कानाशी धरून बसली, जसं कोणी दुसऱ्याच्या घरातला रेडिओ ऐकत बसावं. मधे एकदा मंगलाबाई हसल्या. तिनं त्यांना हसताना कधी ऐकलं नव्हतं. खुर्चीवर त्या नेहमी तोंड उघडं ठेवून छताकडे बघत असत.

ऑटो थांबला. पायऱ्या, गर्दी, एका पोरीचा हुकमी आवाज. नर्स असणार. बऱ्याच वेळानं कोणीतरी फोन घडीतून काढला.

"हॅलो! हो हो, आहे मी. आहे लाइनवर… किती निघाली?… शंभर आणि बारा? अवो, लय चांगलं झालं… डॉक्टर काय म्हणाले?… उद्यापर्यंत ठेवतो म्हणाले. ठेवू द्या. गोळी बदलून देतीन, आणि ते जे सांगतीन ते नीट विचारून घ्या. दोनदा विचारा. नाही समजलं तर नाही समजलं म्हणा… आणि माहं चुकलं मावशी… चुकलं. मी गोड बंद तेवढं सांगतलं. उपाशी राहू नका हे बसवून सांगाले पाह्यजे होतं. तुमचा हात धरून… नाही, चुकलंच… असं नका म्हणू जी."

मंगलाबाई बराच वेळ बोलत होत्या. हर्षा नुसती हं, हं करत होती. सुगतचा फोन आला होता म्हणे. रात्रीच्या गाडीनं निघतो म्हणाला, राजकुमारनं त्याला कळवलं. धुरपताबाई घरून चादर आणायला गेल्या होत्या आणि रात्री त्याच थांबणार होत्या. बकरीलाही त्याच चारा टाकणार. सगळं मार्गी लागलं होतं.

"मग काय, झालं तर. आता आराम करा… हो… हो, मी जेवतो ना… नाही, अजून नाही जेवली, तुमच्याच फोनवर होती ना इतका वेळ… माह्याजवळ?"

प्रश्न अगदी साधा होता. तुझ्याजवळ कोण आहे, एवढाच.

गल्लीतलं ऊन भिंतीवर चढलं होतं. समोरच्या दाराचं कुलूप, दोरीवर एकही कपडा नाही, खोलीच्या दारातून दिसणारी कालची भाजी झाकलेली. हर्षानं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"आहेत ना जी. सगळे आहेत… हो, घरीच. जेवाले थांबले आहेत माह्यासाठी… ताट वाढून बसले ना… हो, सांगतो त्यायले. तुम्ही म्हटलं म्हणून सांगतो… हो, त्यायच्यासंगच बसतो… तुम्ही चिंता नका करू माही. ठेवा आता, दमल्या असान… नाही, आधी तुम्ही ठेवा… ठेवा मावशी."

पलीकडे मंगलाबाई कोणाला तरी फोन कसा बंद करायचा ते विचारत होत्या. हर्षा त्यांना सांगणार होती, लाल बटण, डावीकडचं नाही, उजवीकडचं. पण तेवढ्यात कोणीतरी ते दाबलं.